‘नियंत्रण सुटल्याने…’ हे मृत्यूचे कारण नव्हे

आमच्या सरकारी रुग्णालयात नवे निवासी डॉक्टर रुजू झाले की मृत्यूचे कारण कसे लिहायचे, हे त्यांना पहिल्या काही दिवसांतच शिकवावे लागते. रात्रपाळीच्या घाईत जवळपास प्रत्येक जण एकच वाक्य लिहून मोकळा होतो : ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.’ मी त्या ओळीवर रेघ मारून कागद परत करतो. हृदय तर शेवटी सर्वांचेच बंद पडते. मृत्यू कसा दिसला, एवढेच त्यातून कळते; तो का आला, हे कळत नाही. हृदय का थांबले? रक्तदाब कोसळला म्हणून. तो का कोसळला? जंतुसंसर्ग रक्तात पसरला म्हणून. संसर्ग कुठून आला? मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष झाले म्हणून. या शेवटच्या ओळीपर्यंत गेलो, तरच पुढच्या रुग्णाचा पाय आणि जीव वाचवता येतो.

सकाळी वर्तमानपत्र उघडले की मला तोच कागद पुन्हा समोर आल्यासारखे वाटते. ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने मोटार दुभाजकावर आदळली, तिघांचा मृत्यू.’ द्रुतगती मार्गावरील अपघाताची बातमी बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होते आणि तिथेच संपते. नियंत्रण सुटले, हे तर प्रत्येक अपघातात खरेच असते. ते का सुटले आणि सुटल्यावर माणसे का मेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे वैद्यकशास्त्राला आणि पदार्थविज्ञानाला बऱ्याच अंशी ठाऊक आहेत. तरीही आपण ‘मानवी चूक’ असा शिक्का मारून फाइल बंद करतो.

हा विषय लालबागच्या माणसाने काढावा, याचे नवल वाटायला नको. इथल्या प्रत्येक चाळीत निम्मी घरे कोकणातली, उरलेल्यांतली बरीच सातारा-कोल्हापूरकडची. गिरणीच्या काळात ‘गावाला जाणे’ म्हणजे एसटीची लाल गाडी किंवा बोट. आता चाळीच्या जागी टॉवर उभे राहिले, मुलांच्या हाती स्वतःची गाडी आली. मुंबई-गोवा महामार्गाची रखडलेली कामे आणि खड्डे टाळण्यासाठी सिंधुदुर्गातले अनेक चाकरमानी आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने कोल्हापूर गाठतात आणि तिथून घाटाने खाली उतरतात. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफीचे पासही देते. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतू सुरू झाला आणि ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असलेला रस्ता आमच्या नाक्यापासून अगदी जवळ आला. पूर्वी अशा वेगाचा रस्ता गाठेपर्यंत चेंबूर, मानखुर्द, वाशी, कळंबोली अशी मनाची तयारी व्हायची. आता घराच्या जिन्यावरून उतरलेला माणूस बघता बघता शंभराच्या वेगात असतो.

वाहने बदलली, रस्ते बदलले. त्यांत बसणारे शरीर मात्र तेच राहिले.

वेग म्हणजे उंची

माणसाला उंचीची भीती उपजत असते, वेगाची नसते. तिसऱ्या माळ्याच्या कठड्यावर चढलेले मूल पाहून आपल्या काळजात धस्स होते; पण तेच मूल ताशी शंभराने धावणाऱ्या गाडीत दोन सीटच्या मध्ये उभे असेल, तर आपण कौतुकाने त्याचा फोटो काढतो. म्हणून वेगाचे भाषांतर उंचीत करून पाहावे.

एक मजला साधारण ३ मीटरचा धरू. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणे. ताशी ८० म्हणजे आठवा मजला. ताशी १०० म्हणजे सुमारे ३९ मीटर, तेरावा मजला. ताशी १२० म्हणजे सुमारे ५७ मीटर, एकोणिसावा मजला. वेग १०० वरून १२० वर गेला की स्पीडोमीटरचा काटा बोटभर सरकतो, पण उंची सहा मजल्यांनी वाढते. कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते : वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. आमच्या जुन्या चाळी तीन-चार माळ्यांच्या. त्यांच्या गच्चीएवढ्या उंचीवरून पडलेल्यांपैकी काही जण आमच्याकडे जिवंत येतात. एकोणिसाव्या मजल्यावरून पडलेला माणूस मी जिवंत पाहिलेला नाही.

हाच हिशेब थांबण्याचाही आहे. समोर ट्रक उभा दिसला, मेंदूने ओळखला, पायाने ब्रेक दाबला, यात सावध माणसाचाही साधारण दीड सेकंद जातो. ताशी १०० च्या वेगात त्या दीड सेकंदात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाही नसतो. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांसह ती पूर्ण थांबायला एकूण १०० मीटरच्या आसपास लागतात. ताशी १२० ला सुमारे १३०. भाद्रपदातल्या पावसात ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. आपल्याकडे मात्र पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचे अंतर ठेवले तरी मधे तिसरी घुसते.

एवढी जोखीम पत्करून मिळते काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे. सगळा मार्ग ताशी १०० ने कापला तर ५७ मिनिटे आणि १२० ने कापला तर ४७ मिनिटे लागतात. वाचतात दहापेक्षाही कमी मिनिटे. घाटातली कमी वेगमर्यादा आणि टोलनाका धरला तर त्याहूनही कमी. पुण्यात शिरताच पहिल्या सिग्नलला ती खर्च होतात. समृद्धी महामार्गाचे गणित थोडे वेगळे आहे, हे मान्य करायला हवे. ७०१ किलोमीटरच्या त्या मार्गावर १०० आणि १२० या दोन वेगांत सव्वा तासाच्या आसपास फरक पडतो आणि तिथे मोटारींना १२० ची मर्यादा आहे. पण वाचलेला तो वेळ दर दोन तासांनी थांबण्यात घालवला, तरच त्याला बचत म्हणता येईल.

एका अपघातात तीन धडका

अपघातात एकच धडक होत नाही, तीन होतात. पहिली गाडीची समोरच्या वस्तूशी. दुसरी माणसाची गाडीच्या आतल्या भागाशी. तिसरी शरीरातल्या अवयवांची शरीराशीच. गाडी थांबते तेव्हा माणूस गाडीच्या वेगाने पुढे जातच असतो आणि माणूस थांबतो तेव्हा त्याचा मेंदू, यकृत, हृदय हे आत पुढे जातच असतात. मेंदू कवटीवर आदळतो, त्यातले धाग्यांसारखे मज्जातंतू ताणून तुटतात. हृदयातून निघणारी महाधमनी छातीत एका ठिकाणी पक्की बांधलेली असते आणि त्याच्या अलीकडे काहीशी मोकळी असते. वेग एकदम तुटला की बहुधा ती त्या सांध्याशीच फाटते. अशा बहुतेक रुग्णांना रुग्णालय पाहायलाही मिळत नाही. बाहेरून पाहिले तर अंगावर एक ओरखडा नसतो. नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, लागलं तर काहीच नाही, मग गेले कसे?’

सीटबेल्ट पहिली धडक टाळू शकत नाही. तो दुसरी थोपवतो आणि तिसरीचा जोर कमी करतो. गाडीचे बॉनेट चुरगळायला लागणारा सेकंदाचा छोटासा अंश तो आपल्या शरीरालाही मिळवून देतो आणि बसणारा धक्का छातीच्या पिंजऱ्यावर व कमरेच्या हाडांवर, म्हणजे शरीराच्या मजबूत भागांवर वाटून देतो. पट्ट्यात काय ताकद असते, हे अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत स्वतःला पट्ट्यांनी जखडून ते ताशी १,००० किलोमीटरहून अधिक वेगाला पोहोचले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जगले आणि पुढे कितीतरी वर्षे मोटारीतल्या सीटबेल्टसाठी झगडले. आज आपण लावतो तो तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वो कंपनीतले अभियंता निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला. त्याचे पेटंट कंपनीने इतर सर्व उत्पादकांना खुले केले. ज्या वस्तूने इतके जीव वाचवले, ती आपल्या मागच्या सीटवर गादीखाली दडपलेली असते.

काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातून परतणारे एक कुटुंब अपघातात सापडले. पुढे बसलेले काका-पुतण्या पट्टा लावलेले. एकाच्या छातीवर पट्ट्याचा निळा वळ, दुसऱ्याचे मनगट मोडलेले. मागे बसलेल्या आजींना दुसऱ्या रुग्णालयातून आमच्याकडे हलवले, तेव्हा त्यांची प्लीहा फुटली होती आणि मानेचा मणका सरकला होता. मी पुतण्याला विचारले, ‘आजींनी पट्टा लावला नव्हता?’ तो गोंधळून म्हणाला, ‘मागे कोण लावतं, डॉक्टर? आणि तिला तो गळ्याला काचतो.’ त्याच्या आवाजात बेफिकिरी नव्हती. पट्टा मागेही लावायचा असतो, हे त्याला खरोखरच माहीत नव्हते. आजी अकराव्या दिवशी गेल्या. त्यांच्या कागदावर आम्ही अपघात, अंतर्गत रक्तस्राव असे सगळे नीट लिहिले. ‘मागचा पट्टा’ लिहायला त्यात रकाना नव्हता.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरच्या दोघांचा मृत्यू झाला आणि पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या. त्यानंतर काही आठवडे देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि विरली. मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावावा, असा नियम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंडही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा देशात मृत्यू झाला. त्यांतले ८,३३१ प्रवासी होते, चालक नव्हे.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगावी. मागचा विनापट्ट्याचा माणूस एकटा मरत नाही. तो पुढच्या सीटवर जाऊन आदळतो आणि पट्टा लावलेल्यालाही चिरडतो. मांडीवरचे १० किलोचे बाळ ताशी १०० च्या धडकेत क्षणभर पावणेतीनशे किलोचे होते. ते कोणत्याही आईच्या हातांना पेलणार नाही. बाळाला त्याच्या वयाच्या सीटमध्ये पट्ट्याने बांधणे हाच उपाय आहे.

सतरा तासांचा दिवस

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू : नियंत्रण सुटले का? वेग हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर झोपेचे आहे आणि ते माझ्या विषयातले आहे.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकाला धडकून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. त्या अपघाताची सगळी कारणे इथे उगाळायची नाहीत. पण ती वेळ लक्षात ठेवा. मध्यरात्र ते पहाट, त्यातही २ ते ५ हा काळ शरीराच्या घड्याळात सर्वांत खोल झोपेचा. शरीराचे तापमान उतरते, प्रतिक्रिया मंदावतात, डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद मिटतो. या सूक्ष्म डुलकीची जाणीव त्या माणसाला स्वतःलाही नसते. ताशी १०० च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे १११ मीटर कोणीही चालवत नसलेली गाडी. दुपारी २ ते ४ या वेळेतही असाच एक लहान उतार येतो. पोटभर जेवण झाले असेल तर तो अधिकच जाणवतो.

द्रुतगती मार्ग या झोपेला मदत करतो. शहरात रिक्षा, हातगाडी, गायगुरे, सिग्नल मेंदूला सतत टोचत असतात. रुंद, सरळ, एकसुरी रस्त्यावर ते टोचणे थांबते. एकच आवाज, एकच रंग, पायाखाली एकच थरथर. ‘गेल्या दहा किलोमीटरमध्ये काय पाहिलं, आठवत नाही,’ असे कधी झाले असेल, तर तेव्हा तुम्ही जागे होता, पण गाडी सवय चालवत होती.

माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्यात चालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता आमच्या वस्तीतला हिशेब मांडा. सकाळी सहाला उठलेला माणूस दिवसभर ऑफिस करून घरी येतो, जेवतो, सामान भरतो आणि ‘रात्री ट्रॅफिक नसतं’ म्हणून अकराला निघतो. सहा ते अकरा, बरोबर सतरा तास. थेंबभरही न पिता तो कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत चावी फिरवतो आणि पुढे सात-आठ तास, नेमक्या २ ते ५ च्या वेळेतून गाडी चालवतो. पोलिसांच्या श्वासयंत्रात हे दिसत नाही. शेजाऱ्यांनाही दिसत नाही. उलट ‘एका दमात गाव गाठलं’ म्हणून त्याचे कौतुक होते.

यावर आपले घरगुती उपाय चालत नाहीत. काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूची गोळी तोंडात धरणे, हे सगळे काही मिनिटे टिकते. झोपेवर उपाय एकच, झोप. डोळे जड झाले की अधिकृत थांब्यावर गाडी लावून एक कप कॉफी किंवा कडक चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटे सीट मागे करून झोपावे. चहा-कॉफीचा परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी पूर्ण होते. उठल्यावर दहा मिनिटे चालावे, मगच स्टिअरिंग हाती घ्यावे. महामार्गाच्या कडेला, अगदी शेवटच्या पट्ट्यातही, थांबून झोपू नये. उभ्या वाहनावर मागून आदळणे हा या रस्त्यांवरचा नेहमीचा अपघात आहे.

काही गोष्टी डॉक्टर म्हणून विशेष सांगायच्या. सर्दी-खोकल्याच्या अनेक गोळ्यांनी आणि गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांनी झोप येते. चालकाने त्या घेऊ नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी गाडी चालवू नये. निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि खिशात गोड काहीतरी ठेवावे. मोठ्याने घोरणारा, रात्री दचकून उठणारा आणि दिवसा बसल्या बसल्या पेंगणारा माणूस हा गमतीचा विषय नाही. त्याला झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. तो तपासल्याशिवाय आणि उपचार घेतल्याशिवाय त्याने लांबचे वाहन चालवू नये. आमच्या बाह्यरुग्ण विभागात असे चालक येतात ते रक्तदाबासाठी. झोपेबद्दल आम्ही विचारले तरच सांगतात.

शेवटचा धोका मार्ग संपल्यावरचा आहे. दोन तास शंभराने चालवले की डोळ्यांना तोच वेग नेहमीचा वाटू लागतो. मग मार्ग सोडून घाटात किंवा गावच्या अरुंद रस्त्यावर साठ म्हणजे रांगल्यासारखे भासते. घर अर्ध्या तासावर आलेले असते, देवळाचा कळस दिसायला लागतो आणि नेमका तिथे हात सुटतो. म्हणून द्रुतगती मार्गावरून उतरताच पाच मिनिटे थांबावे आणि पुढे मनाच्या अंदाजावर न जाता काट्याकडे पाहून वेग ठरवावा.

फक्त चालकाला बोल लावून भागणार नाही

इथवर वाचून कोणाला वाटेल, डॉक्टरही शेवटी चालकालाच दोष देत आहेत. तसे नाही. आमच्याकडे एखाद्या वॉर्डात चुकीचे इंजेक्शन दिले गेले, तर परिचारिकेला निलंबित करून प्रश्न सुटत नाही. दोन औषधांच्या बाटल्या सारख्या का दिसत होत्या, एकटीवर साठ रुग्ण का होते, हेही विचारावे लागते. माणूस चुकणारच, हे धरूनच व्यवस्था बांधायची असते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्त्यांसाठी हेच तत्त्व स्वीकारले : माणसाच्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये.

आपल्याकडेही हे जमू शकते, याचा पुरावा घराजवळच आहे. २००२ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्याच सुमारास राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी एकेका अपघाताची शवविच्छेदनासारखी चिकित्सा सुरू केली. उघडे खांब आणि कठडे झाकले गेले, उभ्या वाहनांवर लक्ष ठेवले गेले, वेग मोजला जाऊ लागला, रुग्णवाहिकांची व्यवस्था सुधारली. तीन वर्षांत मृत्यू शंभराच्या आत आले. चालक तेच होते, त्यांचा स्वभावही तोच होता. शंभराच्या आतला आकडाही समाधानाचा नाही. पण ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य किती आळशी आहे, ते यातून दिसते.

द्रुतगती मार्गांना माझा विरोध नाही. मधे दुभाजक असला की समोरासमोरची धडक टळते, पादचारी आणि दुचाकी बाहेर राहिल्या की कितीतरी जीव वाचतात. आमच्या कोकणातल्या अर्धवट रस्त्याने किती घरे उद्ध्वस्त केली, हे लालबागला सांगावे लागत नाही. कोणी जर्मनीतल्या वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांचा दाखला देईल. त्या देशात तरीही ताशी १३० ची शिफारस आहे, उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे, मागच्या सीटवरही पट्टा लावतात आणि परवाना सहजासहजी मिळत नाही. आपण त्यांच्याकडून फक्त वेग घेतला, बाकीची शिस्त तिथेच ठेवली.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातले ३६ टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्गांवरचे. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत या मार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे. नवा मार्ग खुला करताना फीत कापण्याच्या दिवशी या गोष्टी तयार असल्याच पाहिजेत. ठरावीक अंतरावर प्रकाश, स्वच्छतागृह आणि झोपण्याची जागा असलेले थांबे. एका जागी वेग पकडून नव्हे, तर दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजून दंड. कारण कॅमेरा दिसला की ब्रेक मारणे सगळ्यांना जमते. बंद पडलेले वाहन काही मिनिटांत हलवणारी क्रेन. आणि खासगी बस-ट्रकच्या चालकांच्या तासांची खरी तपासणी. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. लालबाग-परळहून रात्री सुटणाऱ्या किती बसमध्ये तो कायदा कधी बसलेला होता?

रक्ताचाही हिशेब सरकारने ठेवायला हवा. प्रौढाच्या शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. मांडीचे एक हाड मोडले तर त्यातले एक-दीड लिटर आतल्या आत वाहून जाते, कंबरेचे मोडले तर त्याहून जास्त. मार्ग कितीही वेगवान असला तरी जखमीसाठी वेळ मोजायचा तो शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी आणि भूल देणारा डॉक्टर यांच्यापर्यंतचा. मार्गाजवळच्या तालुक्याच्या रुग्णालयात ते नसेल, तर रुग्णवाहिका फक्त मरणाची जागा बदलते. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोख उपचारांची योजना लागू झाली, ती चांगलीच आहे. पण पैशाने उपचार मिळायला आधी तिथे सर्जन असावा लागतो.

वाटेत अपघात दिसला तर सुरक्षित अंतरावर थांबून १०८ किंवा ११२ ला फोन करावा, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, पाणी पाजू नये आणि आग लागलेली नसेल तर मान वळेल असे ओढून काढू नये. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही. कायद्याने २०१९ पासून तसे संरक्षण दिले आहे.

यंदा गावाला निघण्यापूर्वी

तीन गोष्टी करा. आदल्या रात्री पूर्ण झोपून पहाटे, उजाडायच्या सुमाराला निघा. कामावरून येऊन रात्री निघू नका. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. कमी हवेचा टायर सिमेंटच्या रस्त्यावर वेगात तापतो आणि फुटतो. आणि गाडी सुरू करण्याआधी मागे वळून पाहा. आजींचा पट्टा गळ्याला काचत असेल तर त्यांना थोडे सरळ, सीटच्या मधोमध न बसवता बाजूला बसवा. वरचा पट्टा गळ्यावरून न जाता खांद्यावरून आणि छातीवरून, खालचा पोटाऐवजी कमरेच्या हाडांवरून जाईल असा लावा. त्याला अर्धा मिनिट लागतो.

पुढच्या वेळी बातमीत ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ हे शब्द दिसले की तिथे थांबू नका. किती वाजले होते, तो कधीपासून जागा होता, वेग किती होता, मागे पट्टा होता का, ट्रक तिथे किती वेळ उभा होता आणि रुग्णवाहिका कधी पोहोचली, हे विचारा. बातमीदाराला विचारा, पोलिसांना विचारा, मते मागायला येणाऱ्यालाही विचारा. आमच्याकडचा अपुरा कागद मी सही न करता परत पाठवतो. रस्त्यावरच्या मृत्यूचा अपुरा कागद परत पाठवण्याचा अधिकार तुमचा आहे.